डुकरीण की बँजो?

अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागातली एक आई मुलाला विचारते, ‘तुला डुकरीण हवी की बँजो?’ दोन्हींची किंमत ५ डॉलर, आणि पैसे एकापुरतेच. पोराने बँजो घेतला. ब्लूग्रास संगीतातले दिग्गज राल्फ स्टॅनली (१९२७–२०१६) यांनी स्वतःच सांगितलेली ही गोष्ट.

‘गाणं आणि समाधान’ हा विषय ठरला तेव्हा आम्हाला आधी तेच आठवले. त्यांचा गळा घडला तो वाद्यांना मज्जाव असलेल्या चर्चमध्ये. तिथे एकजण ओळ सांगतो आणि सगळे ती संथ, लांबवत, आपापल्या हेलाने उचलतात. (बेसूर झालं तरी कुणी मागे वळून बघत नसावं, असं आम्हाला उगाच वाटतं.) १९६६ मध्ये गाण्यातला जोडीदार, थोरला भाऊ कार्टर गेला. राल्फ गातच राहिले. २००२ मध्ये, नुकती पंचाहत्तरी गाठलेली असताना, ‘ओ डेथ’साठी त्यांना ग्रॅमी मिळालं. मृत्यूकडे मुदत मागणारं गाणं, तेही साथीविना!

आज खिशातल्या फोनमध्ये हवं ते गाणं आहे, पण भाजी निवडताना गुणगुणणं घरोघरी कमी झालंय. म्हणून या अंकात कुणाच्या कारकिर्दीचे आलेख नाहीत. गाणाऱ्याला गाताना काय मिळतं, एवढंच आम्ही विचारलं आहे.

तुमच्या घरात अजून मोठ्याने कोण गातं? जरूर लिहून कळवा.