मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी तीन मिनिटांचा व्हिडिओ का हवा?

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत आटोपते. ती टाळण्यात मात्र वर्षं जातात. मुरूड, दिघी, श्रीवर्धन, रायगडच्या किनाऱ्यावर कुठेही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: 'पिकू दे आधी' किंवा 'पावसात नको, थंडीत बघू.'

'पिकू दे' हा सल्ला एके काळी चुकीचा नव्हता. जुन्या पद्धतीत भिंग पूर्ण गढूळ होईपर्यंत थांबत. पण १९६७ मध्ये चार्ल्स केल्मन यांनी ध्वनिलहरींनी भिंग फोडून काढण्याची पद्धत आणली आणि थांबण्याचं कारण संपलं. उलट जास्त पिकलेला मोतीबिंदू कडक होतो, काढायला अवघड जातो. ऋतूचं म्हणाल तर शस्त्रक्रिया निर्जंतुक खोलीत होते, बाहेर पाऊस आहे की ऊन याने फरक पडत नाही. गंमत अशी, की १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी. होडीवरच्या माणसाला सवड असते ती याच दोन महिन्यांत, आणि नेमके तेच तो नको म्हणतो.

हा प्रश्न किरकोळ नाही. २०१५-१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार पन्नाशीपुढच्या लोकांमधील अंधत्वाच्या ६६.२ टक्के प्रकरणांत कारण मोतीबिंदू हेच होतं. म्हणजे बरं होऊ शकणारं अंधत्व.

खरी भीती टेबलावरची असते. 'डोळा बाहेर काढून पुसतात आणि परत बसवतात' असं आजही सांगितलं जातं. तसं काहीही होत नाही. बहुतेकांना थेंब टाकून किंवा डोळ्याजवळ इंजेक्शन देऊन डोळा बधिर करतात, रुग्ण जागाच असतो. चेहऱ्यावर कापड येतं, पापण्या चिमट्याने उघड्या धरलेल्या असतात, त्यामुळे 'मी पापणी मिटली तर?' ही काळजी नको. खोकला आला तर आधी सांगायचं, मान हलवायची नाही. आणि एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही: त्याच डोळ्याला प्रकाश, रंग, कधी हलती अवजारंही दिसू शकतात. सिंगापूरच्या नेत्रतज्ज्ञांनी या अनुभवाचा अभ्यास केला. काहींना त्याची भीती वाटते आणि आधी कल्पना दिली तर ती कमी होते, असं त्यातून दिसलं.

हे सगळं फळ्यावर लिहून समजत नाही, दाखवावं लागतं. मोबाईल आता घरोघरी आहे. तीन मिनिटांचा व्हिडिओ, त्यात ओळखीची वाटेल अशी शस्त्रक्रियेची खोली आणि आगरी-कोळी बोलीत बोलणारी परिचारिका, एवढं पुरे. ज्याला दाखवायचं त्यालाच नीट दिसत नाही, हे मात्र बनवणारे हमखास विसरतात. बारीक अक्षरांच्या पट्ट्या तिथे निरुपयोगी. सगळा भार आवाजावर हवा, चित्र मोठं आणि ठळक हवं. शिवाय तो सून-मुलासोबत पाहिला जावा, कारण नंतर थेंब घालणार तेच. व्हॉट्सअ‍ॅपवर 'मोतीबिंदू विरघळवणारे थेंब' फिरतात, त्यांनाही हेच उत्तर: असे थेंब अस्तित्वात नाहीत.

व्हिडिओ दाखवला म्हणजे संमती मिळाली, असं मात्र कुणी समजू नये. समिरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं, की उपचाराचं स्वरूप, धोके आणि पर्याय पुरेसे सांगितल्याशिवाय संमती खरी ठरत नाही. मुलाने वाचलेल्या आणि आजीने अंगठा उठवलेल्या कागदाबद्दल प्रत्येक रुग्णालयाने स्वतःलाच विचारावं. मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी, दुसरा डोळा आधीच गेलेला, हे प्रश्न व्हिडिओ सोडवणार नाही, डॉक्टरांशी बोलूनच सुटतील. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात रुग्णांशी बोलण्यासाठी वेगळे समुपदेशक असतात, ते उगाच नाही.

अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाला यासाठी निधीची वाट पाहण्याची गरज नाही. एक मोबाईल, एक परिचारिका, एक दुपार. गावातल्या शिबिरात नाव नोंदवतानाच तो दाखवावा, शस्त्रक्रियेच्या सकाळी नव्हे. तोवर निम्मे लोक घरी परतलेले असतात. शेवटचा अर्धा मिनिट घरी गेल्यानंतरचा असावा: डोळा चोळू नका, डोक्यावरून पाणी घेऊ नका. वेदना किंवा लाली वाढली, दिसणं कमी झालं, तर 'उद्या बघू' न म्हणता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.