संस्कारांचे आम्ही घरी बघू!

परवाच्या पालकसभेत एका गृहस्थांनी ठणकावून सांगितले, "शाळेने गणित-इंग्रजी नीट शिकवावे. संस्कारांचे आम्ही घरी बघू." माना डोलल्या. मास्तरांचा भार हलका झाला आणि आईबापांचा मानही राहिला. मला मात्र हे वाक्य पटत नाही.

घर माया शिकवते, सणवार शिकवते, वाकून नमस्कार करायला शिकवते. धुणीभांडी करणाऱ्या मावशींचा कप वेगळा ठेवायचा, हेही घरच शिकवते. तोंडाने कुणी सांगत नाही, मूल रोज बघते. आडनाव ऐकून पुढचा प्रश्न कसा विचारायचा, कुणाकडे पाणी प्यायचे नाही, हेही घरचेच संस्कार. ते पुसायचे तर उंबऱ्याबाहेर एखादी जागा हवी.

साताऱ्यात 1924 साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी अशी जागा उभी केली : मुलांचे बोर्डिंग. त्याआधी कोल्हापुरात शाहू महाराजांनी जातवार वसतिगृहांना आधार दिला होता. तेव्हा ते गरजेचेच होते, नाहीतर खेड्यातली पोरे शहरात टिकली नसती. भाऊरावांनी पुढचे पाऊल टाकले : सगळ्या जातींची पोरे एका छपराखाली, एका पंगतीला. विद्यार्थिदशेत अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर आंघोळ करायचे त्यांनी नाकारले होते आणि त्यापायी स्वतःचे बोर्डिंग गमावले होते. त्यामुळे साताऱ्याच्या बोर्डिंगात समता हा पुस्तकातला धडा नव्हता, शेजारच्या ताटात तीच भाकरी होती. पोरांचे धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले. जैन घरात वाढलेल्या त्या बाईंनी हे परक्या जातींच्या पोरांसाठी केले. मूल्यशिक्षणाच्या कोणत्या तासिकेत हे बसवणार?

हो, तासिकावाल्यांशीही माझे जमत नाही. परिपाठात फळ्यावर सुविचार लिहायचा, 'समता' हा शब्द पाठ करून घ्यायचा आणि वर्गात सगळी मुले एकाच उत्पन्नगटातली! समता पाळायची ती कुणाशी?

"पंगतीने नोकरी लागते का?" असाही सवाल येतो. पुढे बॅरिस्टर आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झालेले पी. जी. पाटील याच बोर्डिंगात वाढले. पंगतीमुळे त्यांचे गणित कच्चे राहिल्याचे ऐकिवात नाही.

अशी पंगत आजच्या वर्गातही बसू शकते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी ठेवल्या. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला यातून सूट. जुलैत उच्च न्यायालयाने हा बदल रद्द केला. पण त्यामागची समजूत अजून शाबूत आहे. गरिबाच्या पोराला कुठेतरी बाक मिळाला की झाले, असे ती मानते. त्या बाकावर शेजारी कोण बसणार, हा शिक्षणाचा प्रश्न आहे हे तिच्या गावीही नाही. यात नुकसान एकट्या गरिबाच्या पोराचे होत नाही. बंगल्यातले पोरही अर्धेच शिकून बाहेर पडते.

सभा संपल्यावर मी त्या गृहस्थांना गाठले. विचारले, "तुमची मुलगी दुपारी कुणाच्या डब्यातले खाते?"

ते जरा थबकले. म्हणाले, "घरी विचारून सांगतो."