जमीन लेव्हलला आणण्याआधी

"सेल्फ-लेव्हलिंग" या शब्दावर माझा जरा रागच आहे. आमच्या धंद्यात असले शब्द पोत्याने मिळतात. सेल्फ-हीलिंग, ऑटो-स्केलिंग, झीरो-टच वगैरे. विकणारा शब्द उच्चारतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, चला, आता आपल्याला डोकं लावायचं काम नाही. जमिनीच्या बाबतीतही तेच चाललंय. पोतं फोडा, पाण्यात कालवा, ओता. ती खिरीसारखी पातळ गोष्ट आपली आपण पसरते आणि दुसऱ्या दिवशी कॅरम ठेवता येईल अशी जमीन तयार! व्हिडिओत तरी असंच दिसतं.

विषय निघायचं कारण आमचं रेवदंड्याचं घर. आमच्या फॅमिली ग्रुपवर गेले दोन महिने हाच वाद चालू आहे. घर जांभ्याचं, मागे सुपारीची छोटी वाडी. पूर्वी जमीन सारवलेली होती, सत्तरच्या दशकात आजोबांनी कोबा करून घेतला. आता तो जागोजागी खाली-वर झालाय. आत्या तिथे एकटी राहते, वय चौऱ्याहत्तर, आणि गेल्या वर्षात दोनदा ठेच लागून पडली. दुसरीकडे पुण्या-ठाण्याच्या भावंडांना घराचं होमस्टे करायचंय. भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो २०२० साली सुरू झाली तेव्हापासून शनिवार-रविवारी गाडी घेऊन येणारी मंडळी वाढलीत, त्यामुळे कल्पना वाईट नाही. एका ठेकेदाराने येऊन पंधरा मिनिटांत सांगितलं, "सगळ्या घरात ओव्हरले ओतू, वर मोठ्या टाइल्स. डिसेंबरच्या आत घर चालू." ग्रुपवर पटापट अंगठे पडले.

माझा अंगठा पडला नाही. का, ते सविस्तर सांगतो. कारण हा प्रश्न फक्त आमचा नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं गावाला असं एखादं घर असणार, आणि त्याच्या जमिनीचा निर्णय तुम्ही पुण्यात किंवा बंगलोरमध्ये बसून फोटो बघून घेणार.

आधी ही वस्तू काय आहे ते बघू. सिमेंट (बऱ्याचदा नेहमीच्या सिमेंटबरोबर जलद घट्ट होणारं ॲल्युमिनेट सिमेंट), बारीक चाळलेली वाळू, पॉलिमरची पूड, आणि पाणी कमी ठेवूनही मिश्रण वाहतं ठेवणारी रसायनं. जाडी सहसा ३ ते १० मिलीमीटर. २५ किलोच्या पोत्याला साधारण ५ ते ६ लिटर पाणी, नेमकं किती ते पोत्यावर छापलेलं असतं आणि ते मोजूनच घालायचं. इथेच आपल्याकडे पहिली गडबड होते. आपला गवंडी पाणी डोळ्याने घालतो, आणि नेहमीच्या मालात ते खपूनही जातं. इथे "जरा पातळ करू" म्हणून अर्धा-एक लिटर जास्त गेलं की वाळू खाली बसते, पाणी वर येतं आणि सुकल्यावर वर खडूसारखा भुसभुशीत थर राहतो.

कालवल्यावर हातात जेमतेम १५-२० मिनिटं असतात, मे महिन्याच्या उकाड्यात त्याहून कमी. आता हिशोब करा. आमचं माजघर १२ बाय १५ फूट, म्हणजे पावणेसतरा चौरस मीटर. दर चौरस मीटरला, दर मिलीमीटर जाडीला साधारण १.७ किलो माल लागतो. सरासरी ८ मिमी धरली तर सव्वादोनशे किलो, म्हणजे नऊ पोती. ती एकामागोमाग एक ओतावी लागतात, नाहीतर आधीचा माल घट्ट होतो आणि सांधा उमटतो. म्हणजे दोघं कालवायला, एक ओतायला, एक खाचांच्या फावड्याने ओढायला आणि एक खिळ्यांचे बूट घालून काट्यांचा रोलर फिरवायला, हवा निघावी म्हणून. "आपोआप" लेव्हल होणाऱ्या जमिनीला पाच माणसं! :-)

आता मूळ मुद्दा. सपाट असणं आणि लेव्हलला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घसरगुंडी सपाट असते, लेव्हलला नसते. टाइल्सना मुख्यतः सपाटपणा लागतो. मोठ्या टाइल्ससाठी ३ मीटरच्या पट्टीखाली ३ मिमीपेक्षा जास्त फट नको, असा सर्वसाधारण दंडक आहे. पण घरातला प्रत्येक उतार हा दोष नसतो. आमच्या पडवीला बाहेरच्या बाजूला उतार आहे, दर मीटरला एक-सव्वा सेंटिमीटर. तो आजोबांच्या गवंड्याने मुद्दाम ठेवलाय. त्याच्याकडे लेझर नव्हता. पाणी भरलेली पारदर्शक नळी होती, दोन टोकांना पाणी एकाच पातळीला राहतं एवढ्या ज्ञानावर त्याने उतार काढला. रेवदंड्याला पाऊस समुद्रावरून आडवा येतो आणि वर्षाला साधारण दोन हजार मिलीमीटर पडतो. पडवी लेव्हलला आणली की ते पाणी तिथेच साचणार आणि वाऱ्याच्या एका झोतात उंबरठा ओलांडून ओटीवर येणार. ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये पडवी धरलेली होती. चौरस फूट वाढतात ना!

मग जे खरंच बिघडलंय ते का बिघडलं? कोबा म्हणजे इमारतीच्या सांगाड्याचा भाग असलेला स्लॅब नव्हे. जोत्यात मातीचा आणि मुरमाचा भराव, तो धुमसाने ठोकलेला, त्यावर दगडाचं सोलिंग, त्यावर काँक्रीट, आणि वर चौकोन पाडून घोटलेला थर. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात याला भारदस्त नाव आहे, इंडियन पेटंट स्टोन. चौकोन अशासाठी पाडतात की सिमेंट आकसणारच, तर भेग आपण ठरवलेल्या रेषेत जावी. म्हणजे ही जमीन तिच्या खालच्या भरावाइतकीच भक्कम. भराव बसला की चौकोन बसतो.

गेल्या महिन्यात गावातल्या मेस्त्रीला घेऊन मी सगळं घर फिरलो. त्याने काय केलं? हातोडीच्या मागच्या टोकाने प्रत्येक चौकोन ठोकला. बहुतेक ठिकाणी आवाज भरीव आला. न्हाणीला लागून असलेले दोन चौकोन मात्र मडक्यासारखे वाजले, आणि तेच आजूबाजूपेक्षा सुमारे २५ मिमी खाली गेलेले. मग तो परसात गेला, न्हाणीच्या सांडपाण्याच्या पाइपाशी उकरून बघितलं. पाइप जोत्याच्या आतच फुटलेला. कित्येक वर्षं ते पाणी भरावातला बारीक मुरूम धुऊन नेत होतं. "भाऊ, जमीन बसली नाय, तिच्या खालचं गेलंय. वरून कितीपण वता, ती जानारच," इति मेस्त्री. आमच्याकडे याला रूट कॉज ॲनालिसिस म्हणतात आणि त्यासाठी तीन मीटिंगा लागतात.

त्या पोकळ चौकोनांवर ओव्हरले ओतला असता तर काय झालं असतं? एकतर तिथे २५ मिमी जाडी लागली असती, जी अशा बहुतेक मालाच्या एका थरात बसत नाही. त्याचं वजन चौरस मीटरला चाळीस किलोच्या वर, तेही खाली आधार नसलेल्या कोब्यावर. आणि हे पुढचं कुणी सांगत नाही. वरचा थर सुकताना आकसतो आणि खालच्याला ओढतो. खालचा कोबा कमकुवत असेल तर वरचा मजबूत थर त्याचीच साल काढून उठतो. म्हणजे माल जितका भारी, तितकी खालच्या जमिनीकडून अपेक्षा जास्त. म्हणूनच आधी वरचा मेणचट, तेलकट, भुसभुशीत थर घासून काढायचा, धूळ ओढून घ्यायची, प्रायमर मारायचा (म्हणजे जुना कोबा मालातलं पाणी पिणार नाही आणि वर बुडबुड्यांची भोकं पडणार नाहीत), आणि मगच ओतायचं. हलणाऱ्या भेगा तर वर जशाच्या तशा उमटतात, कितीही भारी पोतं आणा.

तिसरी गोष्ट ओल. वाडीतल्या विहिरीला पावसाळ्यात पाणी किती वर येतं ते रेवदंडेकरांना सांगायला नको. जुन्या घरांच्या जमिनीखाली प्लॅस्टिकचा कागद नसतो. ओल कोब्यातून हळूहळू वर येते आणि उडून जाते. वर घट्ट थर आणि त्यावर काचेसारख्या टाइल्स बसवल्या की ती ओल कुठे जाणार? भिंतीत. वर्षभरात जांभ्याच्या भिंतीचा गिलावा खालून फुगायला लागतो आणि पांढरा खार फुटतो. मग रंगवाल्याला शिव्या. साधी चाचणी आहे. दीड फूट बाय दीड फूट जाड प्लॅस्टिक जमिनीवर चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि किमान १६ तास ठेवा. खाली पाण्याचे थेंब दिसले किंवा कोबा काळपट पडला, तर ओल आहे. फक्त ही चाचणी मे महिन्यात करू नका. ऑगस्टमध्ये करा. मे महिन्यात कोकणातली प्रत्येक जमीन पास होते.

आता दुसऱ्या बाजूचंही ऐकू, कारण मी या वस्तूच्या विरोधात नाही. शहरातल्या फ्लॅटमध्ये, खाली भक्कम आरसीसी स्लॅब असताना, नुसता वरचा थर ओबडधोबड असेल तर याच्यासारखा उपाय नाही. तोडफोड नाही, शेजाऱ्यांशी भांडण नाही, बरेचसे माल तीन-चार तासांत चालण्याजोगे होतात. १० मिमी ओव्हरलेचं वजन चौरस मीटरला १७ किलो, तर नेहमीच्या ५० मिमी सिमेंट-वाळूच्या थराचं शंभरच्या वर. वरच्या मजल्यावर हा फरक फार मोठा आहे. योग्य जागी ही उत्तम वस्तू आहे.

ग्रुपवरचा सगळ्यात जोरदार मुद्दा माझ्या ठाण्याच्या बहिणीचा होता आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ती म्हणाली, "तुझी रूट कॉजची हौस होईपर्यंत आत्या तिसऱ्यांदा पडली तर?" बरोबर आहे. या वयात मांडीचं हाड मोडणं म्हणजे काय, हे प्रत्येक घराला माहीत असतं. पण म्हणूनच विचारायला हवं की आत्या नक्की कशाला अडखळते. ती उताराला अडखळत नाही. पन्नास वर्षं ती त्या उतारावर वावरलीय, अंधारातसुद्धा. ती अडखळते दोन चौकोनांमधल्या उभ्या कडेला. माजघरातून स्वयंपाकघरात जाताना एका ठिकाणी आठ मिलीमीटरची कड वर आलीय. ती ग्राइंडरने घासून उतरती करणं हे अर्ध्या दिवसाचं काम. न्हाणीजवळ फळी आणि हाताला धरायला दांडा, उरलेला अर्धा दिवस. धोका आजच्या आज कमी होतो आणि त्याच्यासाठी सगळं घर गाडून टाकावं लागत नाही.

राहिलेलं काम मी असं सुचवलंय. फुटका पाइप काढून नवीन टाकायचा. पोकळ चौकोन फोडायचे, भराव थराथराने पाणी मारून ठोकायचा, खाली जाड प्लॅस्टिकचा कागद घालून काँक्रीट करायचं. भेगांवर पेन्सिलीने आडव्या खुणा करून तारीख लिहायची, आणि एक पूर्ण पावसाळा बघायचं. खुणा हलल्या नाहीत आणि ऑगस्टच्या प्लॅस्टिकखाली कोरडं निघालं, तर माजघरात ओव्हरले खुशाल ओता. पोती मी स्वतः मोजीन. पडवीला मात्र हात लावायचा नाही.

यात एक अडचण आहे. ठेकेदाराचा भाव चौरस फुटाला असतो, आणि निदानाला चौरस फुटाचा भाव नसतो. मेस्त्रीने तीन तास ठोकून, उकरून जे सांगितलं त्याचं बिल कुठल्या रकान्यात लिहायचं? म्हणून ते कुणी लिहीत नाही, म्हणून ते कुणी करत नाही. ओतणाऱ्याला ओतण्याचे पैसे मिळतात, तर तो ओतणारच. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. न ओतण्याचा सल्ला देणाऱ्याला पैसे द्यायची सवय आपल्याला लावून घ्यावी लागेल. मी मेस्त्रीला त्या सकाळची पूर्ण दिवसाची मजुरी दिली, तर तो म्हणाला, "काम तं केलंच नाय."

डिसेंबरचा सीझन बुडेल, हे खरं आहे. भावंडांची नाराजी मला दिसतेय आणि ग्रुपवर अजून एकमत झालेलं नाही. पण होमस्टेचे पाहुणे दोन दिवस राहून जातील, त्या जमिनीवर रोज पहाटे उठून चालणारं माणूस एकच आहे. तेव्हा मतदान करायचंच असेल तर आत्याचं मत दोनदा मोजा, आणि आधी तिला फोन करून विचारा. आतापर्यंत ते कुणीच केलेलं नाही, कारण ती ग्रुपवर नाही.