व्यवसाय : काही नाही

स्मरणिका म्हटली की तिच्यात कोणाला स्थान मिळावे, हे बहुधा ठरलेले असते. संस्थापक, देणगीदार, माजी मुख्याध्यापक, गुणवंत विद्यार्थी. या सर्वांचे ऋण आम्ही नतमस्तक होऊन मान्य करतो. परंतु या वसतिगृहात शिकून जे पुढे गेले, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मागे एक कष्टकरी बाई उभी होती. कुणाची आई, कुणाची आजी. तिची नोंद कोठेच नाही. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस ही गंभीर उणीव वाटते आणि ती प्रथम आमच्याच हातून घडली, हे कबूल करणे आमचे कर्तव्य आहे.

आम्ही दीड वर्षांचे असताना आई गेली. वडील पोटासाठी परगावी. आम्हांला वाढविले ते आजीने. ती तरुणपणीच विधवा झाली होती आणि चार लेकरे तिने मजुरीवर मोठी केली होती. आता पाचवे लेकरू तिच्या पदरी आले. त्यातच १९७२ चा दुष्काळ पडला. मराठवाड्यातील हजारो बायांप्रमाणे तीही दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. आम्हांला बाभळीला बांधलेल्या झोळीत टाकून ती दिवसभर हातोडा चालवी. मिलोची तांबडी भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर आमचे बालपण निभावले, असे ती सांगे. पुढे निंदणी, खुरपणी, वीटभट्टी, पाझर तलावाची माती. काम बदलले, थांबले मात्र कधी नाही.

१९८० साली पाचवीच्या प्रवेशासाठी ती आम्हांला येथे घेऊन आली. अर्ज लिहून घेताना गुरुजींनी विचारले, "पालक काय काम करतात?" आम्ही चटकन उत्तरलो, "काही नाही. आजी घरीच असते." रकान्यात तसेच लिहिले गेले. आजी शेजारीच उभी होती. तिच्या उजव्या हाताची दोन बोटे हातोड्याने कायमची वाकडी झालेली होती. ती तेथे एक शब्दही बोलली नाही. फाटकापाशी निरोप घेताना एवढेच म्हणाली, "मी घरी कवा असते रं, बाळा?"

या प्रश्नाचे उत्तर आम्ही तिच्या हयातीत दिले नाही. आम्ही खोटे का बोललो, हे मात्र आम्हांस ठाऊक आहे. आम्हांला तिच्या कामाची लाज वाटली होती.

सातवीत असताना एका शेतमालकाने कर्जाच्या फेडीसाठी आम्हांला गुरांमागे ठेवण्याची मागणी केली. आजीने दोन शेळ्या विकून कर्ज फेडले आणि आम्हांला वसतिगृहातच राहू दिले. तिच्या जलदान विधीच्या दिवशी अनेक वक्ते बोलले. 'त्यागमूर्ती', 'माउली', 'करुणेचा सागर' अशी विशेषणे तिला लाभली. तिने किती वर्षे मजुरी केली, किती रोजाने केली, शेळ्या विकण्याचा निर्णय कसा घेतला, हे कोणी सांगितले नाही. आम्हीही सांगितले नाही. त्याग या शब्दाने माणूस पूजनीय होतो खरा. पण त्याच शब्दाआड त्याचे श्रम, त्याची मजुरी आणि त्याची बुद्धी सहज झाकली जाते. शेळ्या विकणे हा त्याग होताच, शिवाय तो एका निरक्षर बाईने पूर्ण विचारांती घेतलेला आर्थिक निर्णयही होता.

माता रमाईंविषयीही आपले असेच होते. धारवाडच्या वसतिगृहातील उपाशी मुलांसाठी त्यांनी हातातील बांगड्या दिल्याची आठवण आपण दर जयंतीला सांगतो. ती सांगितलीच पाहिजे. पण ज्यांनी आपल्याला विचार दिला, त्या बाबासाहेबांनी कष्टकरी स्त्रीकडे केवळ भावनेने पाहिले नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकास त्यांनी पाठिंबा दिला आणि प्रसूतीच्या काळात मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे प्रतिपादन केले. पुढल्याच वर्षी तो कायदा झाला. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. तिनेही कामगार स्त्रियांच्या रजेचा, इजेच्या भरपाईचा, निवृत्तिवेतनाचा ठराव केला. या स्त्रिया आपल्या श्रमाचा हिशेब मागत होत्या. आपण त्यांचे वारस असू, तर निदान हिशेब लिहून तरी ठेवला पाहिजे.

कोणी म्हणेल, जुने दारिद्र्य उकरून काय साधणार? मुलांना उगाच कमीपणा वाटेल. आमचा अनुभव उलट आहे. लपविल्यानेच कमीपणा वाढतो. आज आमच्या वर्गात ऊसतोड मजुरांची मुले आहेत. फडात नवरा-बायको दोघे मिळून एक 'कोयता' धरला जातो. उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. बाईच्या कामाची वेगळी गणती नाही. त्याच बाईचे लेकरू शाळेत आईचा व्यवसाय 'घरकाम' सांगते, तेव्हा तिचे श्रम दुसऱ्यांदा पुसले जातात. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या नावात आईचे नाव लावणे महाराष्ट्र शासनाने बंधनकारक केले. नाव आले, हे उत्तम झाले. आता कामही आले पाहिजे.

म्हणून आमचे दोन आग्रह आहेत. पहिला आम्हा शिक्षकांसाठी : प्रवेशाच्या वेळी आईचा, आजीचा व्यवसाय मुलाला न विचारता तिलाच विचारावा आणि ती सांगेल तो लिहावा. दुसरा माजी विद्यार्थ्यांसाठी : प्रत्येकाने आपल्या आईविषयी किंवा आजीविषयी दोन पाने लिहून ग्रंथालयात द्यावीत. कोणते काम, कोठे, किती वर्षे, कोणत्या मजुरीवर, हे त्यात असावे. ज्यांच्या माउल्या आज हयात आहेत, त्यांनी उशीर करू नये. आजीचे नाव शासनदरबारी लिहिले गेले ते बहुधा दुष्काळी कामाच्या हजेरीपटावर, अंगठ्याच्या ठशाशेजारी. तो कागद आता मिळणे नाही. साधने नष्ट झाली की इतिहासकार हतबल होतो. आणि ही साधने आपल्या घरात, आपल्या डोळ्यांदेखत विझत आहेत.

आमची दोन पाने आम्ही ग्रंथालयात दिली आहेत. पहिल्या ओळीत पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा तो रकाना दुरुस्त केला आहे : पालक, आजी. व्यवसाय, खडी फोडणे, निंदणी, वीटभट्टी, मातीकाम. घरी कधीच नसे.

जय भीम.