सुरक्षेच्या नावाखाली दृष्टीची परीक्षा

कॅप्चा ही संकेतस्थळांची अपरिहार्य गरज आहे आणि तिच्याविषयी तक्रार करणे म्हणजे घराला कुलूप का लावले असे विचारणे होय, असे प्रतिपादन संगणकसुरक्षेच्या क्षेत्रात वावरणाऱ्या एका जाणकारांनी अलीकडे मोठ्या आवेशाने केले आहे. कॅप्चा म्हणजे खाते उघडताना, तिकीट काढताना किंवा पासवर्ड भरताना समोर येणारे लहानसे कोडे. वेडीवाकडी अक्षरे ओळखून ती टाइप करायची, किंवा नऊ चौकटींपैकी ज्यांत बस वा रहदारीचा दिवा दिसतो त्या निवडायच्या, आणि त्यावरून पलीकडे माणूस आहे की आपोआप अर्ज भरत सुटणारा प्रोग्रॅम, म्हणजे बॉट, आहे हे संकेतस्थळाने ठरवायचे, अशी ही योजना आहे. जाणकारांचे सारे म्हणणे चार वाक्यांत मावते. कोडे काढले तर बॉटांचा सुळसुळाट होईल; अंधांसाठी ध्वनीचा पर्याय दिलेलाच आहे; तो जमत नसेल तर जवळच्या कुणाची मदत घ्यावी; आणि मूठभरांसाठी कोट्यवधींची सुरक्षा पणाला लावता येत नाही.

यांपैकी पहिला मुद्दा ऐकायला भारदस्त असला, तरी तो केव्हाच निकालात निघालेला आहे. घरांचे क्रमांक वाचण्यासाठी तयार केलेली आपली प्रणाली अत्यंत अवघड अक्षरांचे कॅप्चाही ९९.८ टक्के अचूकतेने वाचते, हे २०१४ साली गूगलनेच जाहीर केले, आणि २०२४ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी चित्रांच्या चौकटींची कोडीही यंत्राकडून सोडवून दाखवली. ज्याला यंत्राचाही खटाटोप नको, त्याला हजार कॅप्चा एखाद-दोन डॉलरांत माणसांकडून सोडवून देणारा धंदा कित्येक वर्षे चालू आहे. घुसखोरासमोर हे कुलूप टिकत नाही. ते टिकते ते आपल्याच खात्यात जाऊ पाहणाऱ्या, पण चित्र न दिसणाऱ्या माणसासमोर.

ध्वनीच्या पर्यायाचा मुद्दा मात्र जाणकारांना सर्वांत प्रिय आणि वाचकांना सर्वांत फसवणारा आहे, म्हणून त्याचा समाचार सविस्तर घेणे भाग आहे. अंध व्यक्ती संगणक वापरते ती स्क्रीन रीडरच्या आधारे, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या एनव्हीडीए, जॉज किंवा मोबाइलवरील टॉकबॅक यांसारख्या आज्ञावलीच्या आधारे. या आज्ञावलीला चित्रातील वेडीवाकडी अक्षरे वाचता येत नाहीत, आणि इतर चित्रांना जोडतात तसे शब्दांतील वर्णन कॅप्चाच्या चित्राला जोडता येत नाही, कारण ते वर्णन बॉटलाही वाचता येईल. म्हणून चित्राशेजारी ध्वनीचे बटण ठेवण्यात आले. ते बटण दाबल्यावर काय घडते, हे जाणकारांनी डोळे मिटून एकदा तरी अनुभवायला हवे होते. बटण दाबताच आकडे उच्चारले जाऊ लागतात, आणि त्याच क्षणी स्क्रीन रीडर त्या बटणाची घोषणा करतो. वापरणारा उत्तराच्या चौकटीकडे वळतो, तेव्हा स्क्रीन रीडर चौकटीचे नाव सांगतो, आणि तोवर पहिले दोन-तीन आकडे निघून गेलेले असतात. मग तो टाइप करू लागतो, तर दाबलेली प्रत्येक कळ स्क्रीन रीडर उच्चारतो, आणि हा उच्चार पुढच्या आकड्यावर पडतो. दोन्ही आवाज एकाच स्पीकरमधून एकाच कानात येतात. स्क्रीन रीडर गप्प करावा, तर आपण पृष्ठावर नेमके कुठे आहोत हे कळत नाही. तो चालू ठेवावा, तर आकडे ऐकू येत नाहीत. त्यात बॉटला समजू नये म्हणून आवाजात मुद्दाम खरखर आणि मागची बडबड मिसळलेली असते, आणि अर्ज मराठीत असला तरी आकडे बहुधा परक्या धाटणीच्या इंग्रजीत येतात. एक आकडा चुकला की नवे कोडे पुढे येते, पुष्कळदा भरलेला अर्जही पुसला जातो, आणि ध्वनीची मागणी वारंवार केली तर तुमच्या संगणकावरून स्वयंचलित विनंत्या येत असाव्यात असे सांगून ध्वनीचा मार्गच बंद केला जातो. माणूस असल्याची खूण पटवायला पुन्हा पुन्हा झटणाऱ्याला, त्याच्या झटण्यामुळेच यंत्र ठरवणारी ही व्यवस्था जाणकारांना पर्याय वाटते, यावरून ती त्यांनी कधी वापरून पाहिलेली नाही एवढे उघड होते.

हा प्रश्न कुणा एकाच्या अकौशल्याचा नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांच्या २०१० सालच्या अभ्यासात चित्राच्या कॅप्चाला सरासरी सुमारे १० सेकंद, तर ध्वनीच्या कॅप्चाला २८ सेकंद लागले, आणि एकच ध्वनी ऐकणाऱ्या तिघांची उत्तरे जुळण्याचे प्रमाण एक तृतीयांशाहूनही कमी भरले. याउलट २०१७ मध्ये मेरिलँड विद्यापीठातील संशोधकांनी, कुणालाही वापरता येणाऱ्या वाक्-ओळख सेवांच्या जोरावर, असेच ध्वनी-कॅप्चा यंत्राकडून सुमारे ८५ टक्के वेळा सोडवून घेतले. माणसाला कळत नाही आणि यंत्राला कळते, अशी ही परीक्षा आहे. शिवाय आपल्याकडील कितीतरी संकेतस्थळांवर हा सदोष पर्यायही ठेवलेला नसतो. सहा अक्षरांचे चित्र आणि ते बदलण्याचे बटण, एवढ्यावरच काम भागवलेले असते.

अंध-बधिर व्यक्तींचा, म्हणजे ज्यांची दृष्टी आणि श्रवण दोन्ही बाधित आहेत अशांचा, जाणकारांच्या विवेचनात उल्लेखही नाही, आणि हे मौन त्यांच्या इतर सर्व विधानांपेक्षा अधिक गंभीर आहे. अशी व्यक्ती ब्रेल डिस्प्ले वापरते. या उपकरणात बारीक टिंबे वरखाली होऊन पडद्यावरचा मजकूर बोटांखाली उमटतो, वीस किंवा चाळीस अक्षरांची एक ओळ वाचून झाली की पुढची येते. पत्र, बातमी, बँकेचा हिशेब हे सारे या ओळीवर येते. कॅप्चा आला की तिथे फक्त ‘चित्र’ एवढीच नोंद उमटते आणि शेजारी ध्वनीचे बटण असल्याचे कळते. या दोहोंपलीकडे बोटांना वाचण्याजोगे काहीच नसते. देशात ही माणसे नाहीत असे नाही: मुंबईत हेलन केलर यांच्या नावाची संस्था १९७७ पासून त्यांना शिकवत आली आहे, आणि २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याच्या परिशिष्टात बहुविध अपंगत्वाखाली या अपंगत्वाची नावानिशी नोंद आहे.

कॅप्चाच्या पूर्ण इंग्रजी नावातच ॲलन ट्युरिंग यांच्या कसोटीचा उल्लेख आहे, म्हणून त्या कसोटीकडे पाहणेही उद्बोधक ठरेल. १९५० साली ती मांडताना ट्युरिंग यांनी प्रश्नोत्तरे टाइप करून व्हावीत, शक्यतो दोन खोल्यांमध्ये टेलिप्रिंटर असावा, असे सुचवले होते, जेणेकरून रूप आणि आवाज यांचा निर्णयावर परिणाम होऊ नये. ब्रेल डिस्प्लेवर प्रश्न वाचून उत्तर टाइप करणारी अंध-बधिर व्यक्ती त्या कसोटीला निर्वेध बसू शकली असती. ट्युरिंग यांनी विचारपूर्वक बाहेर ठेवलेली इंद्रिये कॅप्चाने पुन्हा आत आणली आणि त्यांनाच माणूसपणाचा पुरावा मानले.

जवळच्यांची मदत घेण्याचा सल्ला तर जुन्या वादाची आठवण करून देतो. अंध खातेदाराला चेकबुक द्यावे की नाही, एटीएम कार्ड द्यावे की नाही, यावर आपल्याकडे वर्षानुवर्षे खल चालला होता आणि तेव्हाही नकाराचे कारण सुरक्षा हेच सांगितले जाई, तेव्हाही सोबत कुणी डोळस आणावा असेच सुचवले जाई. २००८ साली देशाच्या मध्यवर्ती बँकेने या सुविधा भेदभावाविना देण्याचा आदेश काढला, आणि त्यामुळे बँका बुडाल्या नाहीत. स्वतःच्या खात्याचा पासवर्ड दुसऱ्यासमोर उघडा करायला लावणाऱ्याने सुरक्षेचे नाव घेऊ नये. मूठभरांचा मुद्दा तर उत्तराच्याही योग्यतेचा नाही. हक्क शिरगणतीने ठरत नसतात.

मग करावे काय? संकेतस्थळांच्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांची २०२३ ची आवृत्ती, लॉग-इन करताना स्मरणशक्तीची किंवा कोडी सोडवण्याची परीक्षा हाच एकमेव मार्ग असू नये, असे सांगते. पासकी, म्हणजे फोनमध्येच जतन केलेली आणि फोनच्या कुलपाने उघडणारी ओळखीची किल्ली, हा एक मार्ग आहे. ओटीपीचा संदेश हा दुसरा, कारण तो मजकूर असल्यामुळे स्क्रीन रीडर बोलून दाखवतो आणि फोनला जोडलेल्या ब्रेल डिस्प्लेवर बोटांनीही वाचता येतो. बॉट ओळखण्याचे उरलेले काम संकेतस्थळाने आपल्या सर्व्हरवर, येणाऱ्या विनंत्यांचा वेग पाहून, करावे. डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच ही संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी केवायसीच्या, म्हणजे ग्राहकाच्या ओळख-पडताळणीच्या, प्रकरणात स्पष्ट केले आहे. तेव्हा ही बाब कुणाच्या सौजन्यावर सोडण्याची राहिलेली नाही.

आज कित्येक संकेतस्थळांवर कॅप्चानंतर ओटीपीही मागितला जातो. बॉटांनी ओटीपीचे संदेश फुकट पाठवायला लावू नयेत म्हणून आधी कॅप्चा लागतो, असे त्याचे समर्थन केले जाते. एका क्रमांकावर तासाभरात तीनच संदेश जातील आणि एका जोडणीवरून ठरावीक मर्यादेपलीकडे विनंत्या स्वीकारल्या जाणार नाहीत, एवढी तरतूद केली की तेही कारण उरत नाही, आणि ही तरतूद करण्यासाठी कोणत्याही नव्या संशोधनाची वाट पाहावी लागत नाही.