बोटाएवढा मासा गेला, तर सुरमई किनाऱ्याला कशाला येईल?

मिठबावला रापण ओढली की आधी नजर जाते ती सुरमई आणि बांगड्याकडे. चमचमणाऱ्या बारीक मासळीला भाव कमी, म्हणून चर्चाही कमी. खरं तर उलटं व्हायला हवं.

या बारीक मासळीत असतो स्टोलेफोरस, म्हणजे मांदेलीच्याच कुळातला मासा. मराठी नाव बंदरागणिक बदलतं. मांदेली सोनेरी, शेपटीकडे निमुळती. हा जवळपास पारदर्शक, कुशीवर रुपेरी पट्टी. लांबी साधारण १० सेंटिमीटर. तोंड डोळ्याच्याही मागेपर्यंत उघडतं. साफ करताना पोटाखाली टोचतात, ते त्याचे सुईसारखे खवले.

राहतो कुठे, खातो काय?

किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, थव्याने. काही जाती खाडीच्या तोंडापर्यंत येतात. खाणं म्हणजे प्लवंग, पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव. पावसाळ्यात खालचं थंड, पोषक पाणी वर येतं, प्लवंग वाढतो आणि थव्यांची चंगळ होते. त्या थव्यांमागे सुरमई येते.

आयुष्य जेमतेम वर्ष-दोन वर्षांचं. त्यामुळे साठा पटकन भरतो आणि तितक्याच पटकन कोसळतो. एक हंगाम अंडी वाया गेली, तर भरपाई करायला मोठ्या वयाची मासळी उरलेलीच नसते.

नियम कुठे कमी पडतो?

राज्याने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवलं. निर्णय चांगलाच. पण पूर्ण वाढलेला स्टोलेफोरस आणि बांगड्याचं पिल्लू एकाच बारीक आसाच्या जाळ्यात येतात. पट्टीने मोजेपर्यंत पिल्लू मेलेलं असतं. म्हणून बारीक जाळं कुठे, कोणत्या महिन्यात टाकायचं, हेही ठरायला हवं.

दुसरा प्रश्न दिव्यांचा. एलईडीच्या प्रकाशाकडे प्लवंग आणि बारीक मासळी ओढली जाते, मागोमाग मोठी मासळी. केंद्राने १२ सागरी मैलांपलीकडे अशा मासेमारीवर नोव्हेंबर २०१७ मध्येच बंदी घातली. तरी सिंधुदुर्गातल्या पारंपरिक मच्छीमारांची तक्रार थांबलेली नाही. रापणकर थव्याच्या मागे जाऊ शकत नाही, थवा किनाऱ्याला यावा लागतो. बाहेरच तो उचलला गेला, तर मिठबावच्या वाळूवर चाळीस हात दोर ओढतील आणि जाळ्यात येईल शेवाळ. बंदी मोडणाऱ्या नौकांवर रात्री, समुद्रातच कारवाई व्हायला हवी. सकाळी बंदरात दिवे विझलेलेच असतात.