उद्याचे दुकान

ताळेबंदात घसारा वजा होतो तो कागदावर. रोकड तिजोरीतच राहते. त्यामुळे ती नफा समजून उचलण्याचा मोह व्यापाऱ्यास होतो. मनोरंजन उद्यानाच्या धंद्यात हा मोह विशेष महाग पडतो, कारण तेथे यंत्र झिजण्याआधीच त्याचे नावीन्य झिजते.

अमेरिकेत अनाहाइम येथील डिस्नेलँडचेच पाहा. १७ जुलै १९५५ रोजी ते उघडले, तेव्हा तेथील ‘टुमॉरोलँड’ या विभागात १९८६ सालचे जग दाखविले होते. उद्याचा माल विकणाऱ्या दुकानाची पंचाईत अशी की, तो उद्या रोज एक दिवस जवळ येतो. चारच वर्षांनी, जून १९५९ मध्ये, वॉल्ट डिस्ने यांनी पाणबुडीची सफर, मोनोरेल आणि मॅटरहॉर्न या कृत्रिम पर्वतातून धावणारी रोलर कोस्टर एकदमच सुरू केली. तिकिटांच्या ‘ए’ ते ‘डी’ श्रेणींवर ‘ई’ ही सर्वांत महाग श्रेणी आली तीही तेव्हाच. नव्या मालाला नवा भाव, हे आपल्या वाचकांना मी काय समजवावे! १९६७ मध्ये तर हा विभाग बहुतांशी नव्याने उभारला गेला. उंच मार्गावरून संथपणे फिरणारी ‘पीपलमूव्हर’ गाडी त्या वेळची.

पुढे मात्र हात आखडला. पीपलमूव्हर १९९५ मध्ये बंद झाली आणि १९९८ मध्ये त्याच मार्गावर ‘रॉकेट रॉड्स’ ही वेगवान गाडी सोडण्यात आली. वेगाने वळायचे तर मार्ग वळणावर आतल्या बाजूस कललेला हवा. जुना मार्ग संथ गाडीसाठी सपाट बांधलेला होता. तो बदलण्याचा खर्च टाळला गेला. परिणामी प्रत्येक वळणापूर्वी वेग कमी करणे, नंतर पुन्हा वाढविणे, टायरांची झीज आणि वारंवार बिघाड. सप्टेंबर २००० मध्ये ती गाडी थांबली ती कायमची. कर्जप्रस्तावांत हा प्रकार मी पुष्कळ पाहिला आहे: नव्या यंत्राचे दरपत्रक जोडलेले, पण पाया आणि वीजजोडणी यांचा खर्च कोठेच नाही. माझ्या मते इतकी महाग काटकसर दुसरी नाही.

पाणबुड्यांचे दैव बरे म्हणायचे. त्याही १९९८ मध्ये थांबल्या होत्या. २००७ मध्ये डिझेलऐवजी विजेवर चालणारी यंत्रणा आणि ‘फाइंडिंग नीमो’ या चित्रपटाची कथा घेऊन त्या पुन्हा पाण्यात उतरल्या. रॉकेट रॉड्सचा रिकामा मार्ग मात्र वीस वर्षांनंतरही प्रेक्षकांच्या डोक्यावर तसाच उभा होता.